दहा रुपयांची चिप विवळवेढ्यात पोचेपर्यंत

चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्यात महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पुढचे पंधरा दिवस हायवेच्या कडेने दुकाने लागतात. अंधार पडला की त्यांतली सगळ्यात उजळ दुकाने खेळण्यांची. लुकलुकणारी शिंगे, रंग बदलणारे भोवरे, बटण दाबले की चार गाणी वाजवणारा प्लास्टिकचा मोबाइल. असले खेळणे घरी येऊन आठवडाभरात मोडते. मोडले की फेकू नये, उघडावे. आत नखाएवढा पीसीबी निघतो आणि त्यावर काळ्या इपॉक्सीचा एक थेंब. त्या थेंबाखाली सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट बोर्डावर बसवलेला असतो आणि बऱ्याचदा तो अख्खा मायक्रोकंट्रोलर असतो. प्रोसेसर, चिमूटभर मेमरी, बाहेरच्या जगाशी बोलायला चार-सहा पाय, सगळे एकाच तुकड्यात. तैवानच्या पाडौक कंपनीची पीएमएस१५०सी ही याच जातीतली चिप. घाऊक भावात ती तीन अमेरिकी सेंटला मिळते हे २०१९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींना कळले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता.

म्हणजे जगातल्या सर्वांत स्वस्त मायक्रोकंट्रोलरची भावंडे महालक्ष्मीच्या पायथ्याशी दरवर्षी पोतीच्या पोती भरून येतात. पण आपल्याला ती जवळजवळ निरुपयोगी. त्यांच्यात प्रोग्रॅम एकदाच टाकता येतो आणि तो कारखान्यातच टाकून झालेला असतो. शिकणाऱ्याला शंभरदा चुकता येईल अशी चिप लागते. स्वस्ताईचा हिशोब इथूनच वेगळा सुरू होतो.

ही पुस्तिका डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी, आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलामुलींसाठी आणि चिकूच्या वाडीतला पंप स्वतः उघडून बसणाऱ्या माणसासाठी आहे. मायक्रोकंट्रोलर कसा चालवायचा हे शिकवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तो कुठून आणायचा, किती मोजायचे, आणलेला खरा आहे की नाही हे कसे ओळखायचे आणि दोन वर्षांनी तो जळला तर दुसरा मिळेल का, याबद्दल मात्र पुस्तके गप्प असतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते खपून जाते. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात, जिथून डहाणू रोड स्टेशनच पंचवीस-तीस किलोमीटरवर पडते, तिथे सगळा प्रकल्प याच प्रश्नांवर अडतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: चिपचा भाव म्हणजे यादीतला आकडा नव्हे. ती हातात येऊन, प्रोग्रॅम घेऊन, बिघडल्यावर तिच्या जागी दुसरी बसेपर्यंत जे काही खर्च होते ते सगळे तिच्या भावात धरायला हवे. तसे धरले की पुष्कळदा दहा रुपयांची चिप महाग ठरते आणि अडीचशेचा बोर्ड स्वस्त.

महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या ८०५१ वर शिकल्या. इंटेलने १९८० मध्ये काढलेली ही रचना डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात इतकी मुरली की मायक्रोकंट्रोलर म्हणजे ८०५१ असेच मुलांना वाटे. प्रयोगशाळेत ॲटमेलची ८९एस५२ किंवा फिलिप्सची पी८९व्ही५१आरडी२ असायची. दुसरी जास्त लाडकी, कारण तिला वेगळा प्रोग्रॅमर लागत नसे. कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टातून थेट प्रोग्रॅम जायचा. ती आणायची कुठून, तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला विचारले तर तो अजूनही क्षणभर थांबतो. पुणेकरांना बुधवार पेठ. आमच्याकडच्या मुलांची सोय एप्रिल २०१३ पासून जरा बरी झाली, लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. मुंबई सेंट्रलला उतरायचे, चालत जायचे, खिशातली यादी काउंटरवर ठेवायची. दुकानदार यादी वाचतो आणि पहिला प्रश्न टाकतो, ‘ओरिजिनल पाहिजे की चालेल?’ या प्रश्नाचे काय उत्तर द्यायचे, यावर पुस्तिकेतले एक सबंध प्रकरण आहे.

पुढे काळ भराभर बदलला. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात आर्डुइनो जन्मला. त्याचा आराखडा खुला असल्याने चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि त्या नकलांनी भारतातल्या शाळा भरून गेल्या. मी याला चोरी म्हणत नाही. परवाना तशी मुभा देतो, फक्त नाव आणि बोधचिन्ह वापरू देत नाही. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफची ईएसपी८२६६ आली आणि वायफाय असलेली चिप साध्या चिपच्या भावात मिळू लागली. २०१६ मध्ये ईएसपी३२. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरचा रास्पबेरी पाय पिको. २०२२ मध्ये नानजिंगच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३२व्ही००३, घाऊक भाव दहा सेंटच्या आसपास, म्हणजे आपले आठ-दहा रुपये. तिच्यात २ किलोबाइट रॅम आहे, आर्डुइनो उनोच्या ॲटमेगा३२८पीमध्येही तेवढीच आहे. वेग तिप्पट, ४८ मेगाहर्ट्झ. चिपांचे भाव आणि ताकद असे उलट्या दिशांनी पळताना पाहून कोणालाही मोह व्हावा.

मोह झाला की मागणी नोंदवायची, आणि इथे गणित मांडायला हवे. समजा शाळेला पन्नास चिपा हव्यात आणि शेंझेनच्या विक्रेत्याकडे एकीचा भाव पंधरा सेंट आहे. माल झाला साडेसात डॉलरचा. कुरियर वीस डॉलर मागेल. इंटिग्रेटेड सर्किटांवर मूळ सीमाशुल्क नाही, कारण १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या जागतिक करारात सामील झाला. पण १८ टक्के आयजीएसटी आहे आणि तो माल, वाहतूक, विमा अशा सगळ्या बेरजेवर लागतो. वर कुरियर कंपनी कस्टमची कागदपत्रे करून दिल्याचे पैसे वेगळे घेते, केवायसी मागते आणि पिनकोड पाहून पार्सल वापी किंवा बोईसरला ठेवून फोन करते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय या चिपला तिच्याच कंपनीचा लिंक-ई नावाचा प्रोग्रॅमर लागतो. तो विसरलात तर पन्नास चिपा कपाटात आणि पुन्हा वीस डॉलर. नोव्हेंबर २०२० पर्यंत अलीएक्स्प्रेसवरून टपालाने एक-दोन डॉलरचा मालही महिना-दीड महिन्यात घरी यायचा. केंद्र सरकारने त्या महिन्यात इतर चिनी ॲपांबरोबर त्यावरही बंदी घातली आणि गरीब हौशी माणसाचा तो रस्ता मिटला. आता भारतातच आयात करून सुटा माल विकणाऱ्या कंपन्या आहेत. पुण्याची रोबू तर शेअर बाजारात नोंदली गेली आहे. त्यांच्याकडे तीच चिप दुप्पट-तिप्पट भावाला दिसते आणि लोक नाक मुरडतात. मला तो भाव रास्त वाटतो. पक्के बिल मिळते, शाळेच्या हिशोबात ते चालते आणि बिघडलेला माल परत करायला शेंझेनला जावे लागत नाही.

सामायिक खरेदी हा उपाय मी इथल्या प्रत्येक शिक्षकाला सुचवतो. धुंदलवाडी, आंबोली, सायवन, उधवा, तलासरी अशा पाच-सहा ठिकाणच्या शाळांनी मिळून वर्षातून एक यादी केली तर कुरियरचा बोजा प्रत्येकावर नगण्य पडतो. अट एकच: सगळ्यांनी एकच चिप निवडायला हवी. आणि मास्तरांचे एकमत चिपवर होत नाही, हा माझा अनुभव.

आता खऱ्या-खोट्याकडे. निळ्या रंगाचा ‘ब्ल्यू पिल’ नावाचा बोर्ड बाजारात मुबलक आहे. त्यावरच्या चिपवर एसटीएम३२एफ१०३सी८टी६ असे लिहिलेले असते, आणि ते खरे असेलच असे नाही. छाप पुसून नवी मारणे हा जुना धंदा. नजरेने ओळखता येत नाही. कधी ॲसिटोनच्या बोळ्याने शाई निघून येते, कधी येत नाही. पण चिपला तिची ओळख विचारता येते. एसटी-लिंक हा प्रोग्रॅमर जोडून ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर चालवले की चिप आपला क्रमांक सांगते. अस्सल चिप १बीए०१४७७ सांगते. २बीए०१४७७ आले तर ती सीकेएस कंपनीची किंवा तशाच दुसऱ्या कोणाची नक्कल समजावी. नक्कल वाईटच असते असे नाही. एलईडी लुकलुकवायला, रिले ओढायला ती छान चालते. यूएसबी जोडले, एडीसी नेमका हवा झाला, की तिचे पितळ उघडे पडते. शिवाय या बोर्डांवर आर१० हा रेझिस्टर १.५ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा बसवलेला सापडतो. मग काही कॉम्प्युटर तो बोर्ड ओळखतात, काही ओळखत नाहीत, आणि दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराच्या माथी येतो.

आर्डुइनोच्या बाबतीत हीच पारख सोपी आहे. एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरला चिपची सही वाचायला सांगायची. १ई ९५ ०एफ म्हणजे ॲटमेगा३२८पी. १ई ९५ १४ म्हणजे ३२८, ‘पी’ नाही. काम तेच, वीज थोडी जास्त खाते आणि सॉफ्टवेअर उगाच अडून बसते. १ई ९४ ने सुरू झाली तर निम्म्या मेमरीची १६८ तुमच्या गळ्यात मारली आहे, परत करा. ही तपासणी दुकानातून आल्या दिवशीच करावी. दोन महिन्यांनी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री नव्हे.

या भागात मायक्रोकंट्रोलरची चौकशी एकदम वाढली ती भूकंपांमुळे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलू लागली. हजारो छोटे धक्के, त्यांतला १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ तीव्रतेचा. लोक थंडीत घराबाहेर झोपले, तंबू आले, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने यंत्रे बसवली. पाठोपाठ विज्ञान प्रदर्शनांत ‘भूकंपसूचक यंत्र’ आले. एक आर्डुइनो नॅनो बोर्ड, एमपीयू६०५० हा शे-दीडशे रुपयांचा त्वरणमापक, एक बझर. टेबल हलवले की वाजते आणि परीक्षक खूश होतात.

या प्रकल्पाला मी नावे ठेवत नाही, पण त्याच्यावरची पाटी बदलायला हवी. भूकंपाची पूर्वसूचना मिळते ती पहिल्या, जलद पी लहरी आणि नंतरच्या, जास्त हादरवणाऱ्या एस लहरी यांच्यामधल्या वेळात. केंद्र जितके दूर तितका हा वेळ मोठा. ढोबळमानाने आठ किलोमीटरला एक सेकंद. मेक्सिको शहराला किनाऱ्यावरच्या भूकंपाची मिनिटभर आधी सूचना मिळू शकते, कारण मध्ये तीनशे किलोमीटर आहेत. धुंदलवाडीचे धक्के उथळ, पायाखालचे. तिथे हा वेळ एक-दीड सेकंद. बझर वाजेपर्यंत भांडी पडलेली असतात. त्यात एमपीयू६०५० चा स्वतःचाच गोंगाट इतका की छोटे धक्के त्यात बुडून जातात. हायवेवरून चाळीस टनी ट्रेलर गेला तर तो मात्र व्यवस्थित नोंदला जातो.

मग याच सामानातून काय होण्यासारखे आहे? नोंद. कोणत्या पाड्यावर, किती वाजता, साधारण किती जोराने हलले, याची वही ठेवणारे यंत्र. पाच पाड्यांवर पाच यंत्रे ठेवली आणि पाचांनी एकाच क्षणी नोंद केली तर तो ट्रेलर नव्हता. पण त्यासाठी पाचांची घड्याळे जुळायला हवीत आणि इथे खरेदीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बोर्डावरचा साधा क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद सहज चुकतो. डीएस३२३१ नावाची घड्याळाची चिप वर्षाला मिनिटभराहून फारशी चुकत नाही. तिचे मॉड्यूल स्वस्तात मिळते, फक्त त्यावर डीएस३२३१एसएन आहे की डीएस३२३१एम हे भिंगाखाली वाचावे. दुसरी अडीच पट जास्त चुकते आणि विक्रेता दोघींना एकच म्हणतो. या प्रकल्पात मायक्रोकंट्रोलर सर्वांत स्वस्त भाग, निवडायलाही सर्वांत सोपा. पैसे आणि अक्कल दोन्ही त्याच्या शेजाऱ्यांवर खर्च होतात.

पर्जन्यमापकाचेही तसेच. डहाणूला हवामान खात्याची वेधशाळा आहे, पण समुद्रकाठचा पाऊस आणि महालक्ष्मीच्या डोंगरापलीकडचा पाऊस यांत फरक पडतो हे इथल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. दोन खोलगट पळ्यांचा झोका, एक लोहचुंबक, एक रीड स्विच आणि टिचक्या मोजणारी चिप. टिचक्या मोजायला ईएसपी३२ लागत नाही. तरी मुले तीच घेतात, कारण मोबाइलवर आकडा दिसायला हवा. वाडीत वायफाय नसते, बॅटरी असते, आणि बॅटरीचा हिशोब निर्दय असतो. त्याच घराण्यातली ईएसपी८२६६ गाढ झोपेत वीस मायक्रोॲम्पिअर खाते, कागदावर सुंदर. पण ती ज्यावर येते त्या नोडएमसीयू बोर्डावर एएमएस१११७ हा रेग्युलेटर बसवलेला असतो आणि तो एकटाच, काहीही न करता, पाच मिलिॲम्पिअर पितो. दोन हजार मिलिॲम्पिअर-तासांचा सेल चारशे तासांत रिकामा. सोळा-सतरा दिवस. म्हणजे मृगात लावलेले यंत्र आर्द्रा संपायच्या आत बंद. इथे आठ पायांची ॲटटायनी किंवा तीच दहा रुपयांची सीएच३२व्ही००३ सुटी घेऊन, रेग्युलेटर टाळून, दोन पेन्सिल सेलांवर किंवा तीन सेलांवर तिच्या डेटाशीटप्रमाणे चालवली तर अख्खा पावसाळा निघतो. स्वस्त चिप खरोखर स्वस्त पडते ती अशा जागी.

दूरवर आकडा पाठवायचाच असेल तर लोरा रेडिओ मॉड्यूल घ्यावे, आणि घेताना वारंवारता पाहावी. आपल्याकडे विनापरवाना वापराला मोकळा असलेला पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. बाजारातले सर्वांत स्वस्त मॉड्यूल बहुधा ४३३ चे असते. स्वस्त का, ते यावरून कळावे.

खोक्यात मुंग्या आणि पाली शिरतात, खाऱ्या हवेने पाय हिरवे पडतात. त्यावरचे उपाय आठव्या प्रकरणात आहेत, नेलपॉलिशसकट.

गुजरातेत आता चिपा बनणार, मग त्या आपल्याला स्वस्त मिळतील का, असे हल्ली हमखास विचारले जाते. प्रश्न स्वाभाविक आहे, कारण आपल्या दारावरून जाणारा हायवेच अहमदाबादला जातो. साणंदचा मायक्रॉनचा कारखाना मेमरी चिपांची जुळणी आणि चाचणी करणारा आहे. धोलेऱ्याला टाटांचा कारखाना उभा राहतो आहे, तिथे सिलिकॉन घडेल. पण दहा रुपयांच्या चिपमध्ये सिलिकॉनची किंमत आधीच फार थोडी उरली आहे. आपला खर्च वाटेत होतो. तिरुअनंतपुरमच्या सी-डॅकने थेजस३२ ही देशी रिस्क-फाइव्ह चिप आणि तिच्यावर एरिज नावाचे बोर्ड काढले आहेत. उत्साही शिक्षकाने एखादा मागवून जरूर पाहावा. पंपाला लावायला मात्र मी अजून जुनाच, गल्लोगल्ली मिळणारा बोर्ड घेईन.

याचे कारण २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिले. चिपांचा जागतिक तुटवडा पडला आणि एसटीएम३२एफ१०३ चा भाव कित्येक पट झाला. पैसे हातात घेऊनही माल नव्हता. ज्यांनी आपले सगळे काम एकाच चिपच्या एकाच खुबीवर बेतले होते ते अडकले. ज्यांचा प्रोग्रॅम साध्या सीमध्ये, दुसऱ्या चिपवर हलवता येईल असा होता, त्यांनी चिप बदलली आणि काम चालू ठेवले. पाबळच्या विज्ञान आश्रमाची आठवण इथे होते. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेत २००२ मध्ये एमआयटीच्या साथीने फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. जगभरच्या फॅब लॅबांत मुले बोर्ड विकत घेत नाहीत. तांब्याच्या पत्र्यावर स्वतः कोरतात आणि वर्षानुवर्षे त्यावर ॲटटायनी कुळातली छोटी चिप बसवतात. कुळ एक, चिपा बदलत्या. चिप मिळाली नाही तर त्याच कुळातली शेजारची घ्यायची आणि दोन वाटा नव्याने कोरायच्या. ग्रामीण शाळेने नक्कल करावी तर या पद्धतीची.

पुस्तिकेच्या शेवटी चिपांचा तक्ता आहे. त्यात मेमरी, व्होल्टेज, लागणारा प्रोग्रॅमर आणि ओळख क्रमांक छापला आहे. भावाचा आणि दुकानाचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आहे, कारण छापून येईपर्यंत भाव बदललेले असतात. तो शिसपेन्सिलीने भरावा. शेजारी तारीख घालावी, कुरियरसह एकूण किती पडले ते लिहावे आणि चिपने स्वतःचा काय क्रमांक सांगितला तोही. तक्ता पुढच्या वर्गाकडे द्यायचा आहे, तेव्हा अक्षर वाचता येईल असे असावे.